विहीणबाईंची पॉलिसी

३ मार्च
मेजरची निवड झाली! (मेजर म्हणजे माझा मुलगा. घरात मी त्याला बाळ्याच म्हणते, पण रोजनिशीत हुद्दा शोभून दिसतो.) परदेशातल्या लष्करी कॉलेजात वर्षभराचा कोर्स. सूनबाईचे दिवस तिकडेच भरणार. बाळंतपणाला घरातलं मोठं माणूस हवं. ते कोण, हे सांगायला नकोच. माळ्यावरची चाकांची बॅग काढून पुसून ठेवली.

५ मार्च
सांगायला हवं होतं. बायको-मुलांखेरीज कॉलेज एकाच वडीलधाऱ्या माणसाला येऊ देतं आणि सूनबाईने परस्पर तिच्या आईचं नाव सुचवलंय. म्हणजे विहीणबाईंचं! त्यांचं इंग्रजी थँक्यूपाशी सुरू होऊन तिथेच संपतं. मी नन्सच्या शाळेतली. झोपेत कूस बदलतानाही एक्स्क्यूज मी म्हणते.
मेजर म्हणाला, प्रश्न इंग्रजीचा नाही, विम्याचा आहे. तिथे चालेल अशी मेडिकल पॉलिसी असल्याशिवाय कॉलेज कुटुंबातल्या कोणालाच घेत नाही. दोघींचे अर्ज करू, जिची पॉलिसी होईल ती येईल. फौजी माणूस. आईचीसुद्धा निवड चाचणी घेतो.

९ मार्च
पॉलिसीत काय काय मिळतं ते मेजरने वाचून दाखवलं. हॉस्पिटल, औषधं, आणि तिकडे बरंवाईट झालंच तर पार्थिव मायदेशी पोचवण्याचा खर्च.
म्हणजे विहीणबाई गेल्या तरी विमानाने येणार. मी मात्र कोपऱ्यावरून बोलावलेल्या गाडीने जाणार, तीही वेळेवर आली तर. जेवण गेलं नाही.

११ मार्च
अडचण एकच. माझी प्रकृती. बीपी, चक्कर, धडधड, डावा गुडघा. दुखण्यांच्या बाबतीत अख्ख्या नात्यागोत्यात माझा हात धरणारं कोणी नाही. विहीणबाईंकडे आहे काय? एक कंबर, तीही अधूनमधून.
संकल्प: आजपासून मी ठणठणीत. विमा कंपनीची मुलगी फोन करून तब्येत विचारते म्हणे. उत्तर पाठ केलं: ठणठणीत, काहीही झालेलं नाही मला. आरशासमोर झकास जमलं. खोटं बोलू नये असं नन्स सांगायच्या, पण त्यांना विहिणी नव्हत्या.

१४ मार्च
तपासणी. सगळं नॉर्मल. डॉक्टरांनी विचारलं, आजी, तुम्हाला बीपी आहे असं कोण म्हणालं? मला जरा लागलंच. डॉक्टर अगदी पोरगेला वाटला. अनुभव कमी असेल.
विहीणबाईंचंही नॉर्मल आलं. माझ्याइतकं नसणार.

२० मार्च, दुपार
विहीणबाई राहायला आल्यात. सोफ्यावर टेकल्या आणि आई गं म्हणाल्या. झालं! सूनबाई पोटुशी असून उठली, शेकायची पिशवी आणली. माझ्या पोटच्या पोराने त्यांच्या पायाखाली स्टूल सरकवलं. माझ्या गुडघ्याला या घरात नुसतं 'हो का' मिळतं.

२० मार्च, संध्याकाळ
दुपारी एवढं लिहून वही मिटली, तोच विमा कंपनीचा फोन. मुलगी म्हणाली, आई, तब्येत कशी असते हो तुमची? इतक्या मायेने मला कित्येक वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. समोर विहीणबाई आरामात कंबर शेकत बसलेल्या.
मी ठणठणीत म्हणायलाच तोंड उघडलं होतं. बाहेर बीपी आलं. सूनबाईने वर पाहिलं, म्हणून चक्कर सांगितली. मेजर दोन्ही हातांनी खुणा करू लागला. काळजीच ती, म्हणून धडधडही सांगितली. विहीणबाई अगंबाई म्हणाल्या तेव्हा मात्र रंग चढला. थोरल्या जाऊबाईंचा दमा आणि आमच्या कैलासवासी ह्यांचा मुतखडासुद्धा माझ्या नावावर घालून दिला. मुलगी हळहळली. म्हणाली, कॉल रेकॉर्ड होतोय. म्हटलं बरं झालं, पुन्हा सांगायला नको.

२७ मार्च
अर्ज नामंजूर. मेजर म्हणाला, तपासणीत एक आजार नाही आणि तुझ्या तोंडी अख्खा दवाखाना! कंपनीने तोंडावर विश्वास ठेवला.
कोणीतरी ठेवला.
विहीणबाईंची पॉलिसी झाली. मी मोठ्या मनाने म्हटलं, तुम्हीच जा, मला विमानात गरगरतं. मेजरने विचारलं, तू विमानात कधी बसलीस?

२ मे
गेले सगळे. माझी चाकांची बॅग विहीणबाईंना दिली. मी होऊनच दिली. म्हणजे सूनबाईने मागितल्यावर.

९ ऑगस्ट
नात झाली! व्हिडिओ कॉलवर पाहिली. नाक माझं, डिट्टो. मूठ विहीणबाईंच्या बोटाभोवती घट्ट मिटलेली. नीट पाहायला फोन डोळ्यांशी नेला, तर अंगठा कुठेतरी लागून कॉलच बंद झाला. परत कॉल आला नाही, तिकडे सगळे कामात असावेत.

१० ऑगस्ट
मेजरची लहानपणची दुपटी शोधायला माळ्यावर चढले. पाठवता येतील असं वाटलं. उतरताना डावा गुडघा मुरगळला. टम्म सुजलाय. या वेळी खरोखर. सांगायला घरात कोणी नाही, म्हणून खुर्चीला सांगून पाहिलं.
संध्याकाळी फोन वाजला. मेजर नाही, सूनबाई नाही, विहीणबाई. म्हणाल्या, काल बोलणं अर्धवट राहिलं, तुमचा गुडघा कसा आहे हो? मग बीपी विचारलं, चक्कर विचारली. दमा आणि मुतखडासुद्धा विचारला. बाईंनी सगळं लक्षात ठेवलंय! मागे बाळ रडत होतं.
मी म्हटलं, ठणठणीत, काहीही झालेलं नाही मला. तुम्ही आधी तिला घ्या.
एकदाही अडखळले नाही.