पहिलं सोनं देवाला

६ ऑगस्ट २००५, शनिवार
मिळालं! तीन वर्षं दर सुट्टीला मँचेस्टरहून वेल्समधल्या ह्या ओढ्यावर येऊन परातीत वाळू घोळवतोय. आज तळाशी ज्वारीच्या दाण्याएवढं सोनं. सुरीच्या टोकाने दाबून पाहिलं. दबलं, फुटलं नाही. नागपूरला शिकलेली जिऑलॉजी पंधरा वर्षं आयटीत गंजल्यावर कामाला आली.
शेत ग्वेनबाईंचं. सत्तरीच्या, एकट्या, मेंढ्या पाळतात. प्यायचं पाणी ह्याच ओढ्याचं. त्यांचा पुतण्या ह्यू कुंपण दुरुस्त करत होता, त्यानेही पाहिलं. बाई म्हणाल्या, "आपल्या तिघांत. चौथ्याला कळता कामा नये." शब्द दिला.

१० सप्टें., शनि.
मँचेस्टरच्या मराठी मंडळाचा गणपती. नीला म्हणाली, "अहो, पहिलं देवाचं. मग पुढचं आपलं." पटलं. आईसुद्धा परसातलं पहिलं वांगं देवापुढे ठेवायची. तो दाणा डबीत घालून मूर्तीपुढे ठेवला. पावती फाडता फाडता सेक्रेटरी जोशी विचारत बसला, कुठलं, कसं. देवासमोर खोटं कसं बोलणार? सांगितलं. आरतीनंतर त्याने माईकवर माझं नाव, ओढ्याकाठच्या गावाचं नाव, सगळं जाहीर केलं. टाळ्या. छाती फुगली होती, नाही कशाला म्हणू.

२ ऑक्टो., रवि.
मंडळाचं पत्रक आलं. पहिल्या पानावर मी. शेजारी ओढ्याच्या वळणाचा फोटो, मागे बाईंच्या गोठ्याचं लाल छप्पर. फोटो मीच दिलेला. अक्कल कुठे गेली होती?
जोशीला फोन. "अरे, वेबसाइटवर पण टाकलंय, इंग्लिशमध्ये! सॉलिड रिस्पॉन्स आहे!"
"काढ ते."
"आता काढून काय उपयोग? लोकांनी फॉरवर्ड केलंय."


१८ मार्च २००६, शनि.
ओढ्यापलीकडच्या शेजाऱ्याने शेत भाड्याने दिलंय. सोनं शोधायला आलेल्यांच्या चाळीसेक कॅराव्हॅन. चिप्सची गाडी, पत्र्याचं दुकान, कपडे वाळत घातलेले, कुत्री. फाटकावर रंगवलेली फळी: 'दातारव्हिल'. आमच्या दातारांच्या सात पिढ्यांत कुणी गाव वसवलं नव्हतं. एकाने ओळखून हात मिळवला, "यू आर द मॅन!" मेल्याहून मेल्यासारखं झालं.
बाईंच्या नळाला गढूळ पाणी. टोपात गाळून चहा केला.
"हे ह्यूचं काम," त्या म्हणाल्या. "पबमध्ये बसला की तोंड सुटतं त्याचं. तुझं नावसुद्धा सांगून बसला. मी त्याला घरात येऊ नको म्हटलंय."
मी कप खाली ठेवला. आता सांगावं, आता सांगावं... बिस्किट घे म्हणाल्या. घेतलं.

९ एप्रिल
नीलाला सगळं सांगितलं. म्हणाली, "अहो, जाऊन मोकळे व्हा ना. त्या पोराचा काय दोष?" पुढच्या शनिवारी.

१४ मे
अजून गेलो नाही. काम होतं. नव्हतं.

४ नोव्हें., शनि.
ह्यू गेला. आज सकाळी.
कॅम्पवाल्यांनी वरच्या अंगाला वाळूच्या पोत्यांचा बांध घातला होता, बाईंचं पाणी तुटलं. तो एकटाच पोती काढायला उतरला. काठ आतून पोखरलेला, वरून सगळी माती आली. बाहेर काढेपर्यंत...
ओढ्यापलीकडच्या शेजाऱ्याचा फोन होता. मी ऑफिसचा लॅपटॉप चार्जर शोधत होतो तेव्हा. का कोण जाणे, तेच आठवतंय.

११ नोव्हें., शनि.
चॅपलमध्ये मागच्या बाकावर बसलो. नंतर बाईंनीच हात धरून पुढे नेलं. कॅम्पमधलेही आले होते, बुटांचा चिखल पुसून. काय बोलणार त्यांना? त्यांना बोलावलं कुणी?

२५ नोव्हें., शनि.
हे बाईंच्या स्वयंपाकघरात बसून लिहितोय. 
कॅम्प अर्धा उठला. नळाला पाणी आहे, पण पिववत नाही म्हणतात. त्या ह्यूबद्दलच बोलत होत्या.
"शेवटी काय बोलले मी त्याला, माहितीये? तू मला विकलंस. तो नाही नाही म्हणत राहिला. आठ महिने दारात घेतला नाही." मग, "एकच बरं आहे, श्री. मी त्याच्यावर आळ तरी घेतला नाही. खरं तेच बोलले. तेवढ्यावर झोपते मी."
खिशात मंडळाचं पत्रक. इंग्रजी प्रिंटसुद्धा, तारखेसकट. सांगायलाच आलो होतो. वाटेत चार वेळा म्हणून पाहिलं. आता सांगितलं तर ती झोपही माझ्याच हातून जाईल. नाही सांगितलं तर तो पोरगा मातीखालीसुद्धा चहाडखोरच.
इंग्रजी कागद बाहेर काढला तेवढ्यात त्यांनी पाहिलं.
"काय आहे ते?"
मी तो टेबलावर ठेवला.
"थांब, चष्मा वर राहिलाय."
जिना चढतायत. गुडघे दुखतात त्यांचे, एकेक पायरीवर थांबतात. कागद टेबलावर आहे, घडी केलेलाच. वर कपाटाचा खण उघडल्याचा आवाज आला.