भुजलीचं नाव घेत नाहीत

माय, तू दारात सडा टाकत होतीस. मी गोठा झाडून शेणाची पाटी उकिरड्यावर रिकामी केली होती, विहिरीवरून पाण्याचे पितळी गुंड भरून आणून ठेवले होते, आणि धाकट्या भावाला मांडीवर घेऊन चुलीपुढे पेज ढवळत बसले होते. धानाची रोवणी संपली होती, म्हणून त्या सकाळी कोणाला घाई नव्हती. तू बादली ठेवून आत आलीस, माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलंस आणि विचारलंस, "हे काय हाय कानावर?"

कानामागे भुजलीचे पिवळे कोंब होते. भुजली म्हणजे काय, हे तूच मला शिकवलं होतंस. टोपलीत गहू पेरून अंधाऱ्या खोलीत ठेवायचे, हळदीचं पाणी द्यायचं, राखीच्या दुसऱ्या दिवशी तळ्यावर न्यायचे. मग ज्या दोन पोरी एकमेकींच्या कानामागे ते कोंब खोचतात, त्या जन्मभर एकमेकींच्या भुजली; याला भुजली बदणं म्हणतात. त्यानंतर एकमेकींचं नाव घ्यायचं नाही, 'भुजली' म्हणूनच हाक मारायची. तिच्या घरचं सुख ते आपलं, तिच्या घरची मयत तीही आपली.

"कोणासंग बदली? नाव सांग."

"नाव घेत नाहीत ना, माय."

तुझंच शिकवलेलं तुलाच ऐकवलं, म्हणून एक थापड बसली. मग तूच ओळखलंस. "त्या गोंडाच्या पोरीसंग ना? काल तळ्यावर तिच्याच मागं मागं फिरून राहिली होतीस. उद्या तिच्या घरी कोणी मेलं त सुतक धरशील? तिच्या घरचा भात खाशील?"

"खाईन," मी म्हणाले.

तू कोंब ओढून काढलेस आणि चुलीत टाकलेस. ते ओले होते, पेटले नाहीत, नुसते धुरत राहिले. "सोबतीण कायले पाह्यजे तुले?" तू म्हणालीस. "लगन होईल, सासू येईल, नणदा येतील, जावा येतील. बोलाले माणसं कमी पडतील काय?" पुढे ती मोहफुलं वेचायला आमच्या बाजूला आली की तू मला घरात काही ना काही काम काढून द्यायचीस. मग तिचं लग्न झालं, कुठे दिली ते मला कोणी सांगितलं नाही.

माय, तुला जाऊन किती वर्षं झाली, आणि तुझी बोटं माझ्या कानाला आज पुन्हा लागली, म्हणून हे लिहायला बसले. तुला वाचता येत नव्हतं, तेव्हा मी बोलल्यासारखंच लिहिते.

तू म्हणालीस तसं सगळं झालं. सासू आली, नणदा आल्या, जाऊ आली. फुलचूरच्या या घरात माणसं कधीच कमी पडली नाहीत. तरी तुझा जावई गेला तेव्हा तेरा दिवस घर बायकांनी भरलेलं होतं, आणि त्यातल्या एकीजवळही मला सांगता आलं नाही की हे शेवटच्या सकाळी माझ्यावर रागावून राइस मिलमध्ये गेले होते, भाजीत मीठ जास्त झालं म्हणून. एवढंच सांगायचं होतं. सांगितलं असतं तर दिवस उतरायच्या आत ते गल्लीभर झालं असतं. बायका माझ्या बांगड्या कधी उतरतात ते पाहत होत्या, आणि मी दाराकडे पाहत होते. कोणाची वाट पाहत होते ते तुला कळलं असेल.

सातवीनंतर तू मला शाळेतून काढलंस. तुझ्या नातवाची पुस्तकं आली की तो उघडायच्या आधी मी ती वाचून काढायची. तो एकेक वर्ग चढला, त्याच्या मागे न सांगता मीही चढले. तो नोकरीला रायपूरला गेला, यांना जाऊन वर्ष झालं, आणि मी सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी केली, मग बारावी. आता मी गोंदियाच्या कॉलेजात बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. यांच्या सायकलवर जाते. दांड्याच्या सायकलवर साडीत बसता येत नाही, म्हणून सलवार घालते. सीट यांच्याच मापाची ठेवली आहे, थांबताना पाय पुरा टेकत नाही, पण खाली करवून घेतली नाही. जाऊ ओट्यावरून म्हणते, "बाई, म्हातारपणी हिरोईन होऊन राहिल्या." मी म्हणते, "हो, झाली हिरोईन. ये, मागच्या कॅरिअरवर बस."

वर्गात मी खिडकीजवळ बसते. इतिहास मला आवडतो, अर्थशास्त्र डोक्यावरून जातं. परीक्षेत हात दुखतो, कारण पोरींना लिहायची सवय आहे आणि मला वाचायची. पहिल्या दिवशी मी वर्गात शिरले तेव्हा सगळी पोरं उठून उभी राहिली होती, त्यांना वाटलं नवीन मॅडम आल्या. एक पोरगी तेवढी उठली नाही. ती बाकावर डोकं ठेवून झोपली होती. मी तिच्या शेजारी बसले.

ती सालेकशाकडून पॅसेंजरनं येते. मालगाड्यांना आधी वाट देतात, म्हणून तिचा पहिला तास बहुतेक बुडतो, आणि तो मी तिला कॅन्टीनमध्ये सांगते. अर्थशास्त्र ती मला सांगते. "काकू, मागणी म्हणजे नुसती इच्छा नाही. खिशात दम पण पाहिजे." मी म्हणते, "मग आपली चहाची फक्त इच्छा आहे." तिचं बोलणं अर्धं आपलं, अर्धं हिंदी. 'का'ऐवजी ती 'काऊन' म्हणते, त्याला शहरातल्या पोरी हसतात, तर ती मुद्दाम मोठ्यानं म्हणते, "काऊन हासून राहिल्या वो?" तिची जात तू विचारशीलच. मला माहीत नाही. तिनं सांगितली नाही, मी विचारली नाही आणि विचारणारही नाही.

एकदा तिनं सहज विचारलं, "काकू, तुमची बेस्ट फ्रेंड कोण?" मी म्हटलं, संसारात कुठे फ्रेंड असते. ती म्हणाली, "हे उत्तर नाही झालं. पेपरात शून्य भेटेल." मग मी तिला ती भुजलीची सकाळ सांगितली. मीठ जास्त झाल्याचंही सांगितलं. तिनं आजपर्यंत ते कोणाला कळू दिलेलं नाही.

काल तिच्या गावात भुजली तळ्यात शिरवली. आज ती जेवणाच्या डब्यात ओल्या रुमालात कोंब घेऊन आली. कॅन्टीनच्या बाकावर रुमाल उघडला आणि आपला कान पुढे केला. मी तिच्या कानामागे कोंब खोचले. ती माझ्या कानाकडे आली, आणि मी मागे सरकले. का सरकले ते मला तेव्हा कळलं नाही. "मी घरी लावते," एवढं म्हटलं.

तिनं उरलेले कोंब माझ्या हातात दिले. "ठीक आहे. लावले तर उद्यापासून काकू बंद. नाही लावले तर काकू आहेच, मैं कुछ नहीं बोलूँगी." पण गाडीला जाताना तिनं मागे वळून पाहिलं नाही. एरवी फाटकापर्यंत तिचं बोलणं सुरू असतं.

कोंब स्टीलच्या पेल्यात पाण्यात ठेवले आहेत. जावेनं ते पाहिले. "भुजली पोरीसोरींची असते, बाई. मोकळ्या कपाळानं कोणी बदते काय? लोक काय म्हणतील? शिकाले जाता का सोबतिणी कराले?"

मी म्हटलं, "दोन्ही कराले."

ती भांडं आपटून आत गेली. ती वाईट नाही, माय. ती तुझंच बोलून राहिली. तू वाईट नव्हतीस हेही मला माहीत आहे. तुझ्या बापानं तुला जसं धरून ठेवलं तसं तू मला धरलंस. पण मी आता तुझ्या चुलीपुढे बसलेली पोर नाही, आणि तुझं ऐकायचं म्हणून मी पुष्कळ ऐकलं आहे. सासू, नणंद, जाऊ, कोणी मला विचारून आलं नाही. नवरासुद्धा तुम्हीच पाहिला. तो चांगला निघाला, हे माझं नशीब. सगळ्या नात्यांत एकच मी स्वतः मागितलं होतं आणि तेच तू चुलीत टाकलंस. आता दुसऱ्यांदा कोणी ते ओल्या रुमालात घेऊन आलं आहे. ती एकोणीसची आणि मी पन्नाशीची, मी विधवा, लोक हसतील. हसू देत. तू आता उठून माझ्या कानाला हात लावू शकत नाहीस.

आणि एक तुला कधी सांगितलं नाही. तू कोंब काढलेस, पण बदलेली भुजली तशी सुटत नाही. त्या सकाळपासून आजवर मी त्या पोरीचं नाव कधी घेतलं नाही. लग्नात नाही, यांच्याजवळ नाही. आता या कागदावर लिहून पाहावं म्हटलं तर हात पुढे जात नाही. ती असेल तिथे असेल, माझी भुजलीच आहे. हा कागद कुठे टाकायचा नाही, इतिहासाच्या पुस्तकात राहील.

माय, कागद पुन्हा काढला, एवढंच लिहायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी मी भांडी घासली, भात टाकला, सलवार घातली, कोंब कानामागे खोचले आणि सायकल काढली. जाऊ ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिनं पाहिलं, मी घंटी वाजवली. पहिल्या तासाला शेजारची जागा रिकामी होती. सरांनी हजेरीत तिचं नाव पुकारलं, पुन्हा पुकारलं, मग माझ्याकडे पाहून विचारलं, "कुठे आहे ती?" मी उभी राहिले आणि सांगितलं, "सर, माझ्या भुजलीची गाडी लेट आहे."