बिनमिठाची नळी

बाई, तुमची ती बिनमिठाची नळी आज पुन्हा कामाला आली.

मिरजोळ्याच्या आमच्या प्रयोगशाळेत नाटे बंदरातल्या एका व्यापाऱ्याची कोळंबी तपासायला आली होती. काल जंतू वाढवायच्या प्लेटवर पिवळे ठिपके उगवले. कॉलराचे जंतू असेच पिवळे दिसतात, आणि समुद्रात एरवीही असणारे त्यांचे भाऊबंदही. आमचे साहेब लगेच घायकुतीला आले. "कॉलराचा संशय लिहून टाका, आपल्या अंगाशी नको." तसं लिहिलं असतं तर सगळा माल खड्ड्यात पुरून टाकावा लागला असता, आणि नाट्याच्या कोळंबीकडे पुढे कोणी फिरकलं नसतं. मी म्हटलं, "उद्या सकाळी लिहीन. नुसत्या रंगावरून मी कोणाला कॉलरा ठरवत नाही." अशा वेळी माझा आवाज अगदी तुमच्यासारखा लागतो आणि मला ते आवडतं.

कॉलेजातला तो दिवस अजून दिसतो: तुम्ही माझ्या पाठीमागे उभ्या आहात. समोर जंतूंच्या पातळ खाद्याच्या दोन नळ्या, एकीत मीठ, दुसरीत नाही. समुद्रातले हे भाऊबंद मिठावाचून वाढत नाहीत, कॉलराचा जंतू वाढतो, एवढी साधी गोष्ट. मी जंतू उचलायच्या तारेवर भरभरून ठिपका घेते, बिनमिठाची नळी तिथल्या तिथे गढूळ होते आणि मी खुशीत सांगते, "कॉलरा!" तुम्ही चष्म्यावरून बघता. "पंगत बसलीय का गं? तारेचं टोक लागलं तरी पुरे. ही वाढ नाही, तू ओतलेली गर्दी आहे." सगळा वर्ग हसतो. त्या दिवशी तुमचा इतका राग आला होता की डबाही खाल्ला नाही. तेव्हापासून माझा हात मात्र हलका झाला तो झालाच.

आज सकाळी मिठाची नळी गढूळ होती, बिनमिठाची नितळ. बाकीच्या चाचण्याही तेच म्हणाल्या. व्यापारी कधीचा दारात उभा होता.

"बाय, नक्की ना गो?"

"नक्की. कॉलरा नाही."

तो तिथेच पायरीवर बसला. मी त्याला पाणी दिलं.

तुम्ही गेलात; हे पत्र आता कुठल्या पत्त्यावर टाकणार? पण एक सांगते. सकाळी इन्क्युबेटरचं दार उघडलं. नळी उजेडात धरली आणि साहेब शेजारी असताना मी मोठ्याने बोलून गेले, "बाई, बघा हं." मग तुमचं बघून होईल एवढा वेळ थांबले.