कोपऱ्यातला समुद्र

गिरगाव, १४ जुलै २०२५

चि. अच्युत यास कालिंदीचे अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

फोनवर तू मला मध्येच तोडतोस, म्हणून पोस्टाने लिहिते. राजलक्ष्मीकडून कळलं, की तू बाहेरच्या खोलीत काचेच्या पेटीत समुद्र भरला आहेस. माझ्या घरापासून चौपाटी चालत जाण्याएवढी जवळ आहे. तिथला समुद्र फुकट दिसतो आणि तो पुसावाही लागत नाही. आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मासे येत आले, पण थेट स्वयंपाकघरात. बाहेरच्या खोलीत बसून पाहुणचार घेणारे हे पहिलेच.

त्यात म्हणे पेटीखाली दुसरी पेटी, आणि तिच्यात तू शेवाळ वाढवतोस. लोक मोरीतलं शेवाळ घासून काढतात, तू त्याला दिवा लावून जोपासतोस. बँकेतून रिटायर झालेल्या माणसाला उद्योग हवा हे मान्य, पण अक्कलही त्याच दिवशी तिथे जमा करून आलास असं वाटलं नव्हतं.

हे मी हसून सोडलं असतं. पण पेटी गणपतीच्या कोपऱ्यात आहे. बाबा जिथे मखर बांधायचे, तिथे. श्रावण लागण्याआधी ती हलव.

राजलक्ष्मीस आशीर्वाद. लोभ आहे तेवढाच ठेव, वाढवलास तर त्यालाही पेटीत घालशील.

कालिंदी

दादर, २० जुलै २०२५

ती. ताईस अच्युतचा सा. न. वि. वि.

न बघता नावं ठेवण्यात तुझा हात कोण धरणार. पेटीत चौपाटीचं पाणी नाही. गाळलेल्या पाण्यात खास मीठ मोजून मिसळायचं, दगड रचायचे, आणि मग मासा न घालता कित्येक आठवडे नुसतं पाणी बघत बसायचं. तुझ्यासारख्या उतावळ्या बाईचं ते काम नाही.

खालच्या पेटीला रेफ्युजियम म्हणतात. माशांच्या घाणीवर शेवाळ पोसतं, म्हणून वरचं पाणी निर्मळ राहतं आणि प्रवाळ फुलतं. त्या शेवाळात डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव असतात. वर मासे त्यांना क्षणात गिळतील. खाली त्यांना कोणी हात लावत नाही. तेवढी एक जागा मिळाली की ते बिचारे जगतात.

पेटी हलणार नाही. रिकामी केली तर आतलं सगळं मरेल. त्या कोपऱ्यात ऊन येत नाही, म्हणून तिथे ठेवली. एरवी कोपरा वर्षभर रिकामाच असतो. यंदा गणपती खिडकीशी बसेल. त्याची तक्रार नाही, तुझीच आहे. नेहमीसारखी पूजेचं पितळ घासायला ये आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघ.

आशीर्वाद असू द्यावेत, टोमणे कमी पाठवलेस तरी चालतील.

अच्युत

दादर, ११ ऑगस्ट २०२५

ती. ताईस सा. न.

काल आम्ही नवराबायको मखराचं सामान आणायला बाहेर पडलो, आणि पितळ घासता घासता तू खालची पेटीही घासलीस. शेवाळ उपसलंस, तिच्यात नळाचं पाणी भरलंस, आणि घाण काढली म्हणून वॉचमनला अभिमानाने सांगून गेलीस. नळाच्या पाण्यात जंतू मारायचं औषध असतं. ते पंपाने वरच्या पेटीत गेलं. आम्ही आलो तेव्हा मासे पाण्यावर तोंड काढून धापा टाकत होते. नारिंगी जोडी वाचली, निळा गेला. प्रवाळ मिटून बसलं आहे. नवं शेवाळ विकत मिळेल, पण त्यातले जीव तयार व्हायला महिने लागतात, आणि तोवर बाकीचे टिकतील याची खात्री नाही.

बाबांचं घर म्हणून तू हक्काने वावरतेस, पण आता घर माझं आहे. गणपतीला आलीस तर हात मागे बांधून बस.

लोभाविषयी आज काही लिहीत नाही.

अच्युत

गिरगाव, १४ ऑगस्ट २०२५

चि. अच्युतास आशीर्वाद.

निळा मासा माझ्या हातून गेला, त्याचं वाईट वाटतं. जे पाणी आपण जन्मभर प्यालो त्याने मासा मरतो, हे मला ठाऊक नव्हतं. एवढं पानभर ज्ञान पाजळलंस, त्यात हे एक वाक्य घालायला काय झालं होतं?

शेवाळ मी फेकलेलं नाही. मोरीत ओतणार होते, तर त्यात बारीक जीव उड्या मारताना दिसले. गणपती तोंडावर आलेला, हातून जीवहत्या नको, म्हणून त्याच पाण्यासकट लोणच्याच्या दोन काचेच्या बरण्यांत भरून टॅक्सीने घरी आणलं. खिडकीशी ठेवलंय. दिवस मावळला की टेबललॅम्प लावते. शेजारची वैदेही पोट धरून हसून गेली. शेवाळ हिरवंगार आहे, तुझ्याकडे होतं त्याहून बरं.

आता घराचं. ते तुझं आहे हे मला लग्नाच्या दिवसापासून माहीत आहे. सासरी मी कायम उठून दुसऱ्याला जागा देत आले. वर्षातून एकदा मखराशेजारी, त्या कोपऱ्यातल्या भिंतीला पाठ लावून बसायचे, तेव्हा मला कोणी ऊठ म्हणत नसे. तेवढं एक माहेर मला उरलं होतं. पाण्यातल्या किड्यांना काय लागतं ते तुला पुस्तकं वाचून कळलं. बहिणीला काय लागतं ते शेजारी बसूनही कळलं नाही.

गणपती खिडकीशीच बसव. माझा पाट मात्र त्या पेटीशेजारी, जुन्या भिंतीलाच मांड. रविवारी येते. हात मागे बांधणं जमणार नाही, दोन्ही हातांत बरण्या असतील.

तुझी
ताई