गंधकामागुनी स्फुरद

११ जून
अवंतिका केमिस्ट्रीत गेली! माझी नात, अकरावीत नापास! फेरपरीक्षा २५ तारखेला. तीही गेली तर अकरावी पुन्हा.
यशोधन फॅक्टरीतून आला तो जोडे न काढताच सुरू. "पास झाली की सरळ इंदूर, कोचिंगला. होस्टेलची सीट पक्की करून ठेवली मी. अन् ही इथे नापास होऊन राहिली!" पोरगी ताटात बोट फिरवत बसलेली.
मी म्हणालो, पाठ मी करवून घेतो. यशोधन: "बाबा, तुम्हाला कवितेशिवाय काय येतं?" सूनबाई मेघना तोंडाला पदर लावून हसली. हसू दे.

१२ जून
पुस्तक उघडलं. मिटलं.

१३ जून
अणू म्हणजे बहुतेक पोकळीच म्हणे! मध्ये इवलंसं केंद्र, लांब कुठेतरी फिरणारे इलेक्ट्रॉन, बाकी काही नाही. मग मी या खुर्चीवर बसलोय ते कशावर?
त्यात नावांचा घोळ. आपला अणू तो हिंदीत परमाणु, आणि हिंदीतला अणु तो आपला रेणू. अवंतिकाचं पुस्तक इंग्रजी, इथल्या शाळेत समजावणं हिंदीत, मी मराठी. "आजोबा, तुम्ही रहने दो ना," म्हणाली. पण उठून गेली नाही.

१५ जून
आज तीच मला शिकवत होती! दोन ताटल्या, मूठभर हरभरे, म्हणजे इलेक्ट्रॉन. ही ताटली सोडियम — बाहेरच्या कड्यावर एकच हरभरा. ती क्लोरीन — सात. आठ झाले की जीव शांत. म्हणून सोडियम आपला एक देऊन टाकतो. झालं मीठ.
इथवर ठीक. पण देणारा धन होतो आणि घेणारा ऋण! हे कसं? देणाऱ्याचं कमी व्हायला हवं ना?
"आजोबा, दिलं तेच निगेटिव्ह होतं. निगेटिव्ह गेलं तर प्लसच उरणार न!"
तीनदा सांगितलं तिनं. तिसऱ्यांदा मी नुसतीच मान हलवली.
मग पाणी. तिथे कोणी देत नाही, घेत नाही — वाटून घेतात. "थंडीत एका रजईत दोघं, तसं." हे मात्र समजलं. ही म्हणजे माझी बायको होती तेव्हा...
असो.

१८ जून
सुचली! पहाटे सुचली! आवर्तसारणीची तिसरी ओळ, ओवीत —

सोडियम पुढे, मॅग्नेशियम चाले।
ॲल्युमिनियम हाले, सिलिकॉन डोले।
गंधकामागुनी स्फुरद आले।
क्लोरिनाच्या दारी॥

फॉस्फरसचा स्फुरद केला, सल्फरचा गंधक; आर्गॉनला घेतलं नाही. तो राजवायू, कोणात मिसळत नाही, ओवीत तरी कशाला?
दीक्षितपुऱ्याच्या शाळेत रामराव गुरुजी असेच म्हणवून घ्यायचे. चाळीस पोरं एकदम डुलायची. अर्थ कळायचा नाही, पण चाल साठ वर्षं सुटली नाही. अवंतिकाला म्हणून दाखवली. जराशी थांबली, माझ्याकडे पाहिलं, मग म्हणाली, "मस्त है." दहा वेळा म्हटली बिचारीनं.

२५ जून
देवा, काय करून बसलो!
ती पेपरला गेली. म्हटलं, ओवी चांगल्या अक्षरात उतरून ठेवावी. तक्ता समोर घेतला. पंधरा — स्फुरद. सोळा — गंधक. आणि माझ्या ओवीत उलट! गंधक आधी घेतला की ओळ धावते, एवढंच पाहिलं मी. पोरगी बोटावर मोजणार, दोन्ही एकेका घरानं चुकणार!
ऑटो करून राइट टाउनला, तिच्या शाळेत. फाटकावरचा चौकीदार: "दादाजी, पेपर शुरू हो गया. अब तो भगवान भी अंदर नहीं जाएगा." तीन तास कडुलिंबाखाली बसलो.
बाहेर आली ती हसतच. "आजोबा, तुम्ही काहून आले इतक्या उन्हात? चला, लस्सी पिऊ."
प्यालो.

३ जुलै
नापास.

४ जुलै
यशोधन जेवला नाही. दोष कोणाचा ते मला ठाऊक आहे. तोंड उघडत नाही.

५ जुलै
कोणाला न सांगता शाळेत गेलो. केमिस्ट्रीच्या पद्मजा मॅडम मराठीच निघाल्या. "बसा आजोबा," म्हणाल्या, आणि उत्तरपत्रिका समोर ठेवली.
समासात पेन्सिलीनं माझी ओवी! तिसरी ओळ खोडून वर लिहिलेलं — स्फुरदामागुनी गंधक आले. यमक जागेवर. इतकं सोपं होतं! त्या प्रश्नाला पूर्ण गुण.
मग पुढचं पान. कोरं. त्याच्या पुढचं, तेही. रासायनिक बंध — सोडियम, क्लोरीन, पाणी. हरभरे मांडून तिनं मला शिकवलं तेच सगळं!
"तीन मार्कांनी गेली," मॅडम म्हणाल्या. "एवढं येणारी मुलगी... मला समजलंच नाही."
मलाही नाही. संध्याकाळी गच्चीवर अवंतिकाला विचारलं. मग —
"पास झाले असते तर इंदूर. मी पापांना दोनदा नाही म्हटलं, आजोबा. कोणी ऐकूनच नाही राहिलं."
"म्हणजे पहिल्यांदाही मुद्दाम?"
होकाराची मान हलवली. "सांगू नका ना. प्लीज."
माझी ओवी निर्दोष सुटली. आनंद का होत नाही? पोरीनं वर्ष घालवलं. सांगावं तर तिचा विश्वास जातो. न सांगावं तर पुढच्या वर्षी पुन्हा हेच. आणि मी तरी तिला कधी विचारलं, तुला जायचं का म्हणून?

७ जुलै
सकाळी चहाला यशोधन पुन्हा सुरू झाला. "डोकंच नाही पोरीला." मी म्हणालो, तिला बोलू नको, मी चुकीचं पाठ करवलं, माझ्यामुळे गेली. त्यानं कप खाली ठेवला. अवंतिका स्वयंपाकघराच्या दारात होती. पुढे आली, माझ्या खुर्चीला धरून उभी राहिली.
"नाही पापा. मला सगळं येत होतं."