दोन टर्नटेबल आणि धाकटीची रेकॉर्ड

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर पूर्ण, अविवाहित, धंदा रेकॉर्ड प्लेअरची दुरुस्ती, हे सगळे माझ्या हाताने, दिवसाउजेडी, चष्मा लावून लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कानही ठिकाणावर आहेत. ते तपासून घेतले आहेत, त्याबद्दल पुढे येईल. मला कोणी दटावलेले नाही आणि गोड बोलून गळही घातलेली नाही. माझ्यामागे माझ्या वस्तूंची व्यवस्था पुढीलप्रमाणे व्हावी.

१. नऊ वर्षांपूर्वी केलेले माझे मृत्युपत्र मी रद्द करते. त्याच्या तिसऱ्या कलमात लिहिले होते की माझ्या धाकट्या बहिणीच्या मरणाला माझा थोरला भाऊ जबाबदार आहे, आणि त्याने माझ्या प्रेताजवळही फिरकू नये. वकीलबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, "जरा मवाळ करू या का?" मी म्हटले होते, काना-मात्राही बदलायचा नाही. ते कलम खोटे आहे. लिहिताना मला ते खरे वाटत होते, एवढेच माझ्या बाजूने म्हणता येईल.

२. दुकानातली हत्यारे, डोळ्याला लावायचे भिंग, तेलाच्या कुप्या आणि सुयांचा कप्प्यांचा डबा समोरच्या घड्याळजीला द्यावा. त्याने वापरायला नेलेला सर्वांत बारीक स्क्रूड्रायव्हर अकरा वर्षे त्याच्याकडेच आहे, त्यामुळे तो वेगळा द्यायची गरज नाही.

३. बँकेत जे काही निघेल ते माझ्या भाचीचे, म्हणजे दादाच्या मुलीचे. ती विचारणार नाही, म्हणून लिहून ठेवते.

४. दुकानातल्या खिडकीजवळच्या टेबलावर दोन टर्नटेबल आहेत. ती माझी नाहीत, माझ्या एका गिऱ्हाइकाची, दंतवैद्यांची आहेत; माझ्याने अजून परत करवली नाहीत. त्यांना दोन्ही परत करावीत आणि सोबत हे कलम वाचून दाखवावे, कारण त्यांना मी एक निकाल देणे लागते.

गेल्या उन्हाळ्यात ते दोन्ही यंत्रे गाडीत घालून आले. एक त्यांच्या वडिलांच्या काळातले, लाकडी पेटीचे, एका माणसाला उचलत नाही असे. दुसरे नवे, परदेशातून मागवलेले, काचेसारखे गुळगुळीत, आणि किंमत अशी की मी दोनदा विचारली. "बाई, एकच ठेवायचंय," ते म्हणाले. "बायकोने बजावलंय, दुसरं घराबाहेर. तुम्ही दोन्ही ऐका आणि सांगा. तुम्ही म्हणाल ती पूर्व."

मी तीन दुपारी ऐकले. जुन्या यंत्रात मोटरला टेकलेले रबरी चाक रेकॉर्ड ठेवायच्या ताटाला ढकलून फिरवते. त्यामुळे ठेका भक्कम येतो, गाणारा समोर छाती काढून उभा राहतो, पण सगळ्याखाली एक बारीक घरघर असते. ती कानाला सवयीची होते आणि मग ऐकू येत नाही. नव्यात ताट जड धातूचे, पट्ट्यावर फिरणारे, आणि मोटर ताटापासून दूर ठेवलेली. सुईचे टोक इतके बारीक की जुन्या सुयांनी झिजवलेला भाग सोडून ते रेघेत आणखी खाली उतरते. घरघर मुळीच नाही. दोन गाण्यांच्या मध्ये विहिरीत वाकून पाहावे तशी शांतता. त्या शांततेत वादकाने पान उलटलेले कळते, खुर्ची करकरलेली कळते, गाणाऱ्याने गिळलेला आवंढा कळतो. थोडक्यात, जुने यंत्र गाणे वाजवते. नवे यंत्र गाणे जिथे झाले ती खोलीही वाजवते.

तिसऱ्या दुपारी मी माझ्या ओळखीची रेकॉर्ड लावायची ठरवली. धाकटीची. तिची ती एकच आहे.

आमच्या वडिलांच्या दुकानामागे रेकॉर्ड कोरायचे एक छोटे यंत्र होते. लोक येऊन वाढदिवसाचे निरोप, लेकराचे बोबडे बोल कोरून न्यायचे. वडील गेल्यावर ते दादा चालवायचा. धाकटी एकवीस वर्षांची होती, गळा देवाने दिलेला. बाहेरगावी एका गायनसंस्थेत पाठवायला तिचे एक गाणे कोरायचे ठरले. त्या दिवशी तिच्या अंगात ताप होता. तीनदा गायली. चौथ्यांदा अर्ध्यावर खोकल्याची उबळ आली आणि ती खालीच बसली. नऊ दिवसांनी न्यूमोनियाने गेली. चारातली एकच रेकॉर्ड आम्ही ठेवली, तिसऱ्या खेपेची.

शेचाळीस वर्षे मला त्या दिवसाचे आठवत होते ते असे: दादा यंत्रावर होता, "अजून एकदा" तो म्हणाला, आणि "राहू दे" मी म्हणाले.

मी ती रेकॉर्ड वर्षातून एकदाच, तिच्या वाढदिवशी, आमच्या जुन्या यंत्रावर लावत असे. गाणे संपले की पुढे घरघर, मग सुई उचलायची. दंतवैद्यांच्या नव्या यंत्रावर गाणे संपले आणि घरघर आलीच नाही. खोली आली. धाकटीचा श्वास आला, भरभर, तोंडाने घेतलेला. मग तिचे बोलणे, माइकपासून दूर: "ताई, आता पुरे ना. छातीत दुखतंय." मग माझा आवाज. पंचविशीतला, चिडका, स्वच्छ. "अजून एकदा. चांगलं म्हण, म्हणजे सुटशील." आणि अगदी मागे दादा: "राहू दे गं तिला." एवढ्यावर रेघ संपते.

दंतवैद्यांना माझा निकाल असा: नवे यंत्र सर्व बाबतींत सरस आहे. घरात एखाद्या गेलेल्या माणसाच्या आवाजाची रेकॉर्ड नसेल, तर तेच ठेवावे.

५. वर कानांचा उल्लेख केला आहे. भाची कान तपासण्याच्या दवाखान्यात काम करते. मी दुसऱ्याच दिवशी तिच्याकडे गेले आणि म्हटले, मला नसलेले आवाज ऐकू येतात, माझे कान गेले असतील तर तसे लिहून दे. तिने मला काचेच्या खोलीत बसवले, हेडफोन घातले, हातात बटण दिले. अर्ध्या तासाने आत आली ती हसतच. "आत्या, या वयात असे कान मी पाहिले नाहीत. काही झालेलं नाही तुला." मी रडायला लागले. ती घाबरली. तिला वाटले, मला समजले नाही, म्हणून तिने पुन्हा मोठ्याने सांगितले.

तेव्हापासून मला ते बोलणे नळाच्या धारेत ऐकू येते, कुकरच्या वाफेत, बसच्या ब्रेकमध्ये. धाकटीचे ऐकू येत नाही. माझेच येते.

६. ज्या घरात मी राहते ते वडिलांनी मधोमध भिंत घालून अर्धे दादाला, अर्धे आम्हा दोघी बहिणींना दिले. भिंतीत एक दार होते. धाकटी गेली त्या महिन्यात मी ते माझ्या बाजूने खिळे ठोकून बंद केले. पलीकडे दादाने लग्न केले, मुलगी झाली, वहिनी गेली. प्रत्येक वेळी मी भिंतीला कान लावून होते, आणि एकदाही गेले नाही. भाची लहानपणापासून रस्त्याने वळसा घालून माझ्याकडे यायची.

भाचीच्या दवाखान्यातून आल्यावर मी तोच वळसा घालून गेले आणि दादाचे दार वाजवले. त्याने उघडले. माझ्याकडे बघितले आणि म्हणाला, "कोण गेलं?"

"कोणी नाही. मी ऐकलं, दादा. गाणं संपल्यावरचं."

तो दारातल्या स्टुलावर बसला. हात आता फार थरथरतात त्याचे. "ते उतरलंय त्यात?"

"तुला माहीत नव्हतं?"

"उतरलंय हे माहीत नव्हतं. बोलणं माहीत होतं. मी तिथेच होतो ना."

"मग बोलला का नाहीस? शेचाळीस वर्षं मी तुझं नाव टाकलं. वहिनीच्या वेळी सुद्धा आले नाही."

"पहिल्याच आठवड्यात बोलणार होतो," तो म्हणाला. "पण तू जेवत नव्हतीस. पाणी घेत नव्हतीस. मला शिव्या घालतानाच तेवढा तुझ्या अंगात जीव यायचा. म्हटलं, घालू दे. एक गेली, दुसरी तरी राहील. मग वर्ष झालं, दोन झाली. नंतर काय सांगणार?"

मी माफी मागितली. तो म्हणाला, "चहा टाकतेस का? माझ्या हातून सांडतो." मी टाकला. आम्ही प्यायलो. सुतार बोलावून खिळे मी जिवंतपणीच काढून घेतले आहेत, त्यामुळे दाराबद्दल इथे काही लिहायचे उरलेले नाही.

७. माझ्या वाट्याचे अर्धे घर मी दादाला द्यायचे ठरवले होते. मसुदा वाचायला वकीलबाई घरी आल्या, तेव्हा दादाही होता. त्याने विचारले, "साक्षीदार कोण?" बाई म्हणाल्या, "एक घड्याळजीच्या बायकोला विचारलंय. दुसरा शोधायचाय. तुम्ही चालणार नाही. ज्याला मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये."

"मग मला काही देऊ नका," दादा म्हणाला. "घर घेऊन मी किती दिवस राहणार? मी सही करतो. त्या दिवशी तिथे मीच होतो, दुसरं कोण आहे आता?"

मी पुष्कळ समजावले. ऐकला नाही. तेव्हा अर्धे घर, दुकानासह, भाचीला द्यावे. दादाला मी काहीही देत नाही. हे रागाने लिहिलेले नाही, हे वाचणाऱ्याने लक्षात घ्यावे.

८. माझे स्वतःचे जुने यंत्र आणि धाकटीची रेकॉर्ड, दोन्ही भाचीला. भाची म्हणाली, "आत्या, शेवटचं तेवढं पुसून नुसतं गाणं वेगळं काढता येतं आता. दहा मिनिटांचं काम आहे." प्रेमाने म्हणाली. पण ते करू नये. कोणी ऐकायला मागितली तर जरूर लावावी, फार सुंदर गायली आहे ती. मात्र गाणे संपले म्हणून लगेच सुई उचलू नये. तिने पुरे म्हटले होते, ते निदान आता कोणीतरी शेवटपर्यंत ऐकून घ्यावे.

याखेरीज माझ्याकडे कुणाला द्यावे असे काही नाही. वरील मजकूर मी दोनदा वाचला, खाडाखोड नाही, आणि साक्षीदारांच्या देखत सही केली.

स्थळ: दुकान, खिडकीजवळचे टेबल
दिनांक: नऊ फेब्रुवारी, सकाळी साडेदहा

सही: धाकटीची ताई

साक्षीदार पहिली: घड्याळजीची बायको. सही माझ्यासमोर झाली. स्क्रूड्रायव्हर आणून दिला आहे.

साक्षीदार दुसरा: थोरला भाऊ. सही माझ्यासमोर झाली. हात थरथरतो म्हणून अक्षर वाईट आहे, ते माझेच आहे. एक दुरुस्ती. कलम चारमध्ये ताई लिहिते की मी "राहू दे" म्हणालो. म्हणालो खरा. पण यंत्र थांबवायची कळ माझ्या हाताखाली होती, आणि मी फार हळू म्हणालो.