श्यामकांतशिवाय डोलकाठी

२ मार्च, रविवार
आजपासून श्यामकांतशी संबंध संपला. खालच्या मजल्यावर राहत असला तरी संपला.
होडी दोघांची, निम्मी-निम्मी. कॅटमरान. म्हणजे दोन सडपातळ होड्या, मधे बसायला ताणलेलं कापड. आज कोलकात्याजवळच्या बजबजच्या घाटावर पहिल्यांदाच तिची डोलकाठी उभी करायची होती. हा माणूस मांडी घालून मॅन्युअल वाचत बसला. एकवीस पानं! मी म्हटलं, मॅन्युअल डोकं नसलेल्यांसाठी असतं. तो म्हणाला, मग तू आधी वाच.
दोघांच्या बायकांसमोर सांगून टाकलं: पाडव्याला दुपारी बाराच्या आत, तुझ्याशिवाय, शीड चढवून दाखवतो. नाही चढलं तर होडी तुझी. तो म्हणाला, ठीक. इतक्या लगेच ठीक म्हणायची काही गरज नव्हती.
मॅन्युअल तो घेऊन गेला. पीडा टळली.

३ मार्च
श्यामकांतला फोनवर ब्लॉक केलं. संध्याकाळी लिफ्टमध्ये भेटला. तिथे ब्लॉक करायची सोय नाही. भिंतीकडे तोंड करून चार मजले उतरलो.

९ मार्च, रविवार
चौदा वर्षांत प्रथमच रविवारचा चहा घरी घेतला, त्याच्याकडे नाही. घरचा चहा चांगला असतो.
घाटावर डोलकाठीचा अभ्यास. बावीस फूट, अॅल्युमिनियम. टोकाला छोटं चाक आहे, शोभेचं असावं. तीन तारा, तीन बाजूंना बांधायच्या. मी बँकेच्या तीन शाखा सांभाळल्या आहेत. एक लांब पांढरी दोरी उरली. कंपन्या उगाच नको ते देतात. घरी आणली, उज्ज्वलाने बाल्कनीत कपडे वाळत घालायला बांधली. निदान बायकोचा फायदा.
घाटाचा चौकीदार कार्तिकदा म्हणाला, दादा, एकट्याने हबे ना, आणखी एक माणूस आणा. मी सांगितलं, आम्ही मराठी लोक दर वर्षी गुढी उभारतो, काठीचं आम्हाला शिकवू नका.
उचलली. छातीपर्यंत आली. पुढे कुठे जायचं ते तिनेच ठरवलं. चहावाल्याच्या पत्र्यावर. तो बंगालीत बराच वेळ बोलला. मला सगळं समजलं नाही, हे त्याचं नशीब.

१६ मार्च, रविवार
घाटावर पूजेचा मांडव बांधणारे चौघे आले होते. म्हणाले, पाच मिनिटांचं काम आहे, आम्ही धरतो. हाकलून दिलं. उद्या श्यामकांत म्हणायचा, चौघांनी केलं.
त्यांच्याच बांबूंची घोडी करून डोलकाठी तिच्यावर टेकवली. घोडी बसली. मीही बसलो. कंबर.

१८ मार्च
अंथरुणात. उज्ज्वला म्हणाली, श्यामकांत भावजी कंबरेची चौकशी करत होते. म्हणजे कार्तिकदा फुटला. श्यामकांतच्या बायकोने, लीनाने, खिचडीचा डबा पाठवला. खाल्ला. तत्त्वाचा आणि खिचडीचा संबंध नाही.

२३ मार्च, रविवार
कंबर. आता हातात एकच रविवार उरला, पाडव्याचाच. उत्तम. मी दडपणाखाली चांगलं काम करतो.
नवी योजना: उज्ज्वलाने पुढून ओढायचं. ठरलं होतं ते श्यामकांतशिवाय. बायकोशिवाय असं कुणीच म्हटलेलं नाही.

३० मार्च, पाडवा. सकाळी ६
उज्ज्वला गुढी बांधते आहे. साडी, कडुलिंब, गाठी, तांब्या, सगळं आडव्या काठीला. मी म्हटलं, आधी उभी कर, मग सजव, वेळ वाचेल. ती म्हणाली, उभी केल्यावर टोकाला हात पोचतो का तुमचा? सणासुदीला वाद नको म्हणून चहा ठेवायला गेलो.
गुढी कठड्याला त्या पांढऱ्या दोरीनेच बांधली. छान घट्ट बसली.

११.२०, बजबज
उभी राहिली!! उज्ज्वलाने ओढली, मी मागून रेटली, तिन्ही तारा बांधल्या. कार्तिकदाने टाळ्या वाजवल्या. चहावालाही बाहेर आला. त्याला माफ केलं. श्यामकांत लांब उभा आहे, काखेत मॅन्युअल. जळतोय.

११.३०
शीड हातात आहे. वर कशाने ओढायचं?

११.३५
टोकाचं चाक शोभेचं नसावं.

११.४०
त्या चाकातून ओवायची दोरी बेहालाला, घरच्या बाल्कनीत आहे. तिला गुढी बांधलेली आहे. आणि चाक बावीस फुटांवर.

११.५०
उज्ज्वलाने टोकाकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

१२.००
श्यामकांतने घड्याळसुद्धा पाहिलं नाही. किती नीच असावं माणसाने! तसाच निघून गेला.
होडी गेली. फार वाईट वाटलं. होडीचंच.

संध्याकाळी ५.१५
लीनाने श्रीखंड पाठवलं. वाटीखाली मॅन्युअलच्या सातव्या पानाची झेरॉक्स. एका ओळीखाली रेघ: डोलकाठी उभी करण्याआधी टोकाच्या चाकातून दोरी ओवून घ्यावी, काठी दोघांनी उभी करावी. त्याखाली श्यामकांतचं अक्षर: उद्या काठी उतरवायची आहे. एकट्याला जमणार नाही. दोरी घेऊन ये.
अजिबात जाणार नाही. होडी त्याची, काठी त्याची. मी काय त्याचा खलाशी आहे?

५.४५
सूर्यास्ताच्या आत गुढी उतरवली. दोरी सोडवून, गुंडाळून पिशवीत ठेवली. उज्ज्वलाला कपड्यांसाठी दुसरी आणून देईन.
गजर पाचचा लावला आहे. लिफ्टमध्ये मात्र त्याच्याशी बोलणार नाही.